खेडे हा घटक : हरी विनायक पाटसकर यांच्या कारकिर्दीचा अभ्यास



आमच्या बेळगावच्या अभ्यासवर्गात रविवारी संध्याकाळी पंधरावीस माणसे जमतात. कोणी खानापूरकडचे असतात, कोणी निपाणीकडचे; दोघेतिघे घरी कन्नड बोलणारे असूनही मराठी वर्गालाच बसतात. गेल्या महिन्यात निपाणीजवळच्या खेड्यातून येणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मध्येच विचारले, "मास्तर, पाटसकर तत्त्व, पाटसकर तत्त्व असे आम्ही सभांतून लहानपणापासून ऐकत आलो. हे पाटसकर होते तरी कोण?" वर्गात कोणालाच नीट सांगता येईना. एकाला ते बेळगावचे पुढारी वाटत होते, दुसऱ्याला दिल्लीचे न्यायाधीश. मलाही तेव्हा अर्धवटच सांगता आले. घरी येऊन शोधाशोध केली, तिच्यातून हा पाठ तयार झाला.

हरी विनायक पाटसकर न्यायाधीश नव्हते, बेळगावचेही नव्हते. त्यांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी खानदेशात चाळीसगावला वकिली केली. काँग्रेसच्या चळवळीत ते तरुणपणीच पडले, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसले, आणि देशाची राज्यघटना ज्या सभेने तयार केली त्या घटना समितीचेही ते सभासद होते. १९५२ साली ते जळगावहून लोकसभेवर गेले व पुढे केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले. तालुक्याच्या गावी वकिली केलेल्या माणसाला बांधाचे भांडण चांगले ठाऊक असते. नांगराच्या एका फाळामागे दोन पिढ्या कोर्टाची पायरी कशी झिजवतात हे त्याने जवळून पाहिलेले असते. पाटसकरांच्या पुढच्या कामाकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कायदा खात्यातील त्यांचे मोठे काम म्हणजे हिंदू कायद्याची सुधारणा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून एकेक तुकडा संसदेपुढे आणण्यात आला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा लोकसभेत पुढे नेण्याची जबाबदारी पाटसकरांवर होती. एकपत्नीत्व आणि घटस्फोट यांची मुंबई प्रांताला सवय होती, कारण येथे १९४६ व १९४७ साली तसे कायदे आधीच झाले होते. देशाच्या पुष्कळ भागांत मात्र या तरतुदींनी काहूर उठले. पाटसकरांनी शांतपणे एकेक कलम पार नेले.

वर्गात कोणी म्हणेल, हे हिंदू कायदे, त्यांच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्यातील कितीतरी घराण्यांत आजोबा-पणजोबा ख्रिस्ती झाले आणि बाकीचे भाऊबंद हिंदूच राहिले. १९५६ च्या वारसा कायद्याचे सव्विसावे कलम म्हणते की, धर्मांतर केलेल्या हिंदूला धर्मांतरानंतर झालेली मुले व त्यांची संतती यांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळणार नाही. मात्र वारसा उघडते वेळी ती मुले स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. स्वतः धर्मांतर करणाऱ्याचा हक्क १८५० च्या कायद्याने राखलेला होता. त्याच्या मुलांचा राहिला नाही. ज्या कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली, त्याच कायद्यात हेही कलम आहे. आणि आपल्या घराकडेही पाहावे : हिंदू स्त्रीला १९५५ साली घटस्फोटाचा जो मार्ग मिळाला, तितका मोकळा मार्ग ख्रिस्ती पत्नीला मिळायला २००१ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर ती १८६९ च्या कायद्याखाली होती व पतीपेक्षा तिला जास्त गोष्टी शाबीत कराव्या लागत. दुसऱ्याच्या कायद्यावर टीका करण्याआधी आपण शेहेचाळीस वर्षे का थांबलो, हेही एकदा वर्गात बोलायला हवे. असो. तो वेगळ्या पाठाचा विषय आहे.

आता १९५७ साल. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने त्या निवडणुकीत काँग्रेसचे मोठमोठे गड पाडले. पुण्याला काकासाहेब गाडगीळ ना. ग. गोऱ्यांकडून हरले, पूर्व खानदेशची जागा नौशेर भरुचांनी घेतली. त्याच वर्षी १४ जून रोजी पाटसकर मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले, आणि पुढच्या वर्षी गाडगीळ पंजाबचे.

राज्यपाल म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ घोटाळा असतो. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि स्वतः कारभार हाकतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी तो असतो असे समजावे. ते पद म्हणजे राजकारणातली चढती पायरी. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर तेथूनच पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेले. (त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या विक्रोळीत रुग्णसेवेला येऊन राहिल्या होत्या, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल.) आपला राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला असतो. तो पक्षाचे काम ठेवून देतो, मते मागत नाही, आणि बहुधा परप्रांतातला असतो. म्हणून पुष्कळ जण या पदाला राजकारण्याची पेन्शन म्हणतात. तसे राज्यपाल झालेही आहेत. पाटसकरांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. त्यांचे नाव ज्या कामामुळे आपल्या सभांतून घेतले जाते, ते त्यांच्या हाती कसलाही पक्ष नसल्यामुळेच त्यांना करता आले.

भोपाळला ते १० फेब्रुवारी १९६५ पर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षे होते. ते राज्यही नुकतेच जोडलेले होते : मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचा हिंदी भाग. मराठी विदर्भ त्यातून वेगळा काढलेला. मुख्यमंत्री कैलासनाथ काटजू स्वतः पूर्वी ओरिसा व पश्चिम बंगालचे राज्यपाल राहिलेले होते, म्हणजे राज्यपालाने कुठे थांबावे हे मुख्यमंत्र्यालाच ठाऊक! १९६३ साली पाटसकरांना पद्मविभूषण देण्यात आले.

ते काम आता सांगतो. १ ऑक्टोबर १९५३ रोजी मद्रास राज्यातून आंध्र वेगळे झाले. जिल्हे वाटले गेले, आणि वाटपात काही तमिळ गावे आंध्रात, काही तेलुगू गावे मद्रासेत राहिली. सगळ्यात तापलेला भाग होता चित्तूर जिल्ह्यातला तिरुत्तणीचा. मा. पो. शिवज्ञानम हे तमिळ पुढारी त्यासाठी चळवळ करीत होते. त्यांना तिरुपतीही हवे होते. तमिळांच्या मनात तिरुपतीच्या डोंगराविषयी फार जुनी भावना आहे. तेलुगू बाजूलाही तितकीच आहे. भावनेच्या तराजूत कोणते पारडे जड, हे ठरवायला बसले तर उभा जन्म पुरणार नाही.

दोन्ही राज्य सरकारांनी पाटसकरांची मध्यस्थी मान्य केली. पाटसकरांनी भावनेचा तराजू बाजूला ठेवला आणि माप बदलले. जिल्हा नाही, तालुका नाही. मोजायचे ते खेडे. त्या खेड्यात कोणती भाषा बोलणारे जास्त, ते शिरगणतीच्या आकड्यांवरून पाहायचे. आणि ते खेडे ज्या राज्यात घालायचे, त्याच्या हद्दीला ते लागून असले पाहिजे. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता, अशी ही तीन सूत्रे. त्यांप्रमाणे तिरुत्तणीचा भाग मद्रासला गेला, चिंगलपेट जिल्ह्यातील सत्यवेडूकडचा भाग आंध्राला गेला, आणि तिरुपती आंध्रातच राहिले. दोन्ही सरकारांनी हे मानले. संसदेने १९५९ साली तसा कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी हद्द अमलात आली.

माप बदलल्याने एवढा फरक कसा पडतो, हे आपल्या भागावरूनच पाहू. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली साधारणपणे जिल्हा हे माप धरले. बेळगाव जिल्हा अख्खा घेतला तर कन्नड भाषक जास्त. म्हणून जिल्हा म्हैसूरकडे. फक्त चंदगड तालुका इतका उघड मराठी होता की तो काढून कोल्हापूरला जोडण्यात आला. म्हणजे आयोगाने जिल्हा मोडलाच, पण एका तालुक्यापुरता. आता तालुका हे माप घ्या. खानापूर तालुका मराठी निघतो. पण निपाणी त्या वेळी चिकोडी तालुक्यात होती, आणि चिकोडी अख्खा घेतला तर कन्नड. निपाणी शहर व भोवतालची गावे मराठी, कोल्हापूरच्या हद्दीला भिडलेली, पण चिकोडीच्या बेरजेत ती बुडून जातात. आता खेडे हे माप घ्या. वेदगंगा-दूधगंगेकाठची गावे एकेक करून वर येतात. लोक तेच, शिरगणती तीच, पण उत्तरे तीन निघतात. वर्गात हे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा निपाणीकडचे ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्ही मोजणीत हरलो, मापात नाही." मला वाटते, त्यांना उलट म्हणायचे होते, पण दोन्ही तऱ्हांनी ते खरे आहे.

१९५७ च्या जूनमध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारने केंद्राला निवेदन दिले. त्यात ८१४ गावे आणि बेळगाव, निपाणी व कारवार ही शहरे मागितली होती. सीमाभागाच्या मागणीत पाटसकरांच्या तीन सूत्रांना लोकेच्छा हे चौथे जोडले गेले आणि बहुसंख्येचा अर्थ सापेक्ष बहुसंख्या असा धरला गेला. सापेक्ष म्हणजे असे : गावात हजार माणसे आहेत, साडेचारशे मराठी, चारशे कन्नड, दीडशे उर्दू बोलणारी. निम्म्याहून जास्त कोणीच नाही, पण सर्वांत मोठा गट मराठी. आपल्या भागात उर्दू बोलणारे बरेच असल्यामुळे या एका शब्दावर पुष्कळ गावांचे उत्तर फिरते.

ज्या गोष्टीचा आपल्या सभांतून फारसा उच्चार होत नाही, तीही सांगितली पाहिजे. हेच माप आपल्यालाही लागते. म्हैसूरकडून गावे मागणाऱ्या त्या निवेदनातच मुंबई सरकारने आपल्याकडची कन्नड बहुसंख्येची २६० गावे द्यायची तयारी दाखवली होती. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट व जत या भागांत कन्नड बोलणारी गावे आहेत. २०२२ साली जत तालुक्यातील काही गावांचा प्रश्न पाण्याच्या तक्रारीवरून पुन्हा वर आला तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना राग आला. रागावण्यापूर्वी एवढे आठवावे की खेडे हे माप आपणच मागितले होते. जो मापाची शपथ घेतो, त्याने ते आपल्या शेतातही टाकू दिले पाहिजे.

पुढची हकिकत ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९६० साली दोन्ही राज्यांची चार माणसांची समिती नेमली; तिचे एकमत झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी १९६७ साली अहवाल दिला : निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरकडे राहावे. महाराष्ट्राने तो नाकारला. म्हैसूरने, म्हणजे १९७३ नंतरच्या कर्नाटकाने, तोच शेवटचा शब्द मानला. अहवाल अमलात आला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

वर्गात एका तरुणाने विचारले, "तिकडे तीनचार वर्षांत मिटले, आमच्याकडे सत्तर वर्षे होत आली. पाटसकरांना इकडेच का नाही नेमले?" प्रश्न सोपा आहे, उत्तर सोपे नाही. माझे मत सांगतो. पाटसकर फार हुशार होते म्हणून तिकडे मिटले, असे मला वाटत नाही. तिकडे दोन्ही सरकारे निकालाच्या आधीच मध्यस्थाच्या हाती माप द्यायला तयार झाली होती, आणि निकाल आल्यावर नाराज झाली तरी उलटली नाहीत. आमच्याकडे महाजनांच्या हाती मापच दिले गेले नाही. महाराष्ट्र खेडे धरून बसला, म्हैसूरला जिल्ह्या-तालुक्याची घडी मोडायची नव्हती, आणि आयोगाने यातले काय घ्यावे हे आधी कोणी लिहून घेतले नाही. ज्याच्या मापाने निकाल गेला नाही, तो निकालाला बांधला कसा जाणार? दोन भावांनी गज कोणाचा हे न ठरवताच मोजणीदाराला बोलावले, तर मोजणी झाल्यावर भांडण वाढतेच.

पाटसकरांच्याच आयुष्यात याचा पुरावा आहे. भोपाळ सोडल्यावर लगेच, १९६५ साली, आसामच्या डोंगराळ भागांचा प्रश्न त्यांच्याकडे देण्यात आला. खासी, गारो, मिझो ही माणसे आपल्याला चांगली ठाऊक आहेत. खासी व मिझो डोंगरांत वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनने आणि गारो डोंगरांत अमेरिकन बाप्टिस्टांनी मंडळ्या स्थापल्या, आणि त्यांच्या चळवळीचे पुढारी कॅप्टन विल्यमसन संगमा हे ख्रिस्तीच होते. डोंगरातल्या लोकांना आसामापासून वेगळे राज्य हवे होते. पाटसकर आयोगाला सांगितले गेले ते मात्र एवढेच की, आसाम राज्यात राहूनच त्यांना जास्तीत जास्त स्वायत्तता कशी देता येईल त्याची योजना करा. पाटसकरांनी तपशीलवार योजना १९६६ साली दिली. माणूस तोच, सचोटी तीच. डोंगरी पुढाऱ्यांच्या परिषदेने ती नाकारली, कारण प्रश्नच दुसऱ्याने घालून दिला होता. अखेर २ एप्रिल १९७० रोजी मेघालय हे आसामअंतर्गत स्वायत्त राज्य झाले आणि २१ जानेवारी १९७२ रोजी पूर्ण राज्य. संगमा त्याचे पहिले मुख्यमंत्री.

तिरुत्तणीकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण एक गोष्ट राहिली. हद्द बदलल्यावरही सत्यवेडूच्या बाजूला तमिळ बोलणारे राहिलेच आणि तमिळनाडूत तेलुगू बोलणारे राहिले. खेडे मोजले तरी खेड्यातला उरलेला चौथा हिस्सा कुठे जाणार? कोणत्याही मापाने शेवटी कोणीतरी अल्पसंख्य उरतो. म्हणूनच राज्य पुनर्रचनेबरोबर, १९५६ सालीच, घटनेत ३५०-अ कलम घातले गेले : अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. त्याच्या लगतच भाषिक अल्पसंख्यकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. सीमाभागात हद्दीच्या प्रश्नावर १ नोव्हेंबरचा काळा दिन पाळणारे हजारो आहेत. ३५०-अ वाचलेला माणूस वर्गात एकच निघाला, आणि तो घरी कन्नड बोलणारा. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो म्हणून म्हातारी माणसे तो दुसऱ्याकडून वाचून घेतात, मराठी शाळेची पटसंख्या घटते. हे रोजचे दुःख हद्द बदलेपर्यंत थांबायला तयार नाही. कलम मात्र आजही घटनेत आहे.

आसामच्या कामानंतर पाटसकर पुण्याला परतले. १९६७ पासून ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. योगायोग असा की, पंजाबहून आलेले काकासाहेब गाडगीळही त्यांच्याआधी त्याच खुर्चीवर बसून गेले होते. २१ फेब्रुवारी १९७० रोजी पाटसकर निवर्तले. मेघालयाचे स्वायत्त राज्य व्हायला तेव्हा सहा आठवडे उरले होते, आणि महाजन अहवाल दिल्लीत पडून होता.

पुढच्या रविवारी वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावाची एक माहिती आणावी : गावातल्या प्राथमिक शाळा किती, कोणत्या माध्यमाच्या, आणि प्रत्येकीत या वर्षी पहिलीत किती मुले बसली. निपाणीकडच्यांनी कोगनोळीपर्यंतची गावे घ्यावीत, खानापूरकरांनी नंदगडची बाजू. कन्नड शाळांचे आकडेही तितक्याच काळजीने लिहावेत. फळा आणि खडू मी आणतो.